ताकाच्या तांब्यात गूळ

एकदा एक गुळाचा व्यापारी काठी टेकत टेकत एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला. गावात गुळाची मोठी पेठ होती आणि त्या पेठेत या गृहस्थाच्या जिभेला भारी मान होता. ढेपेचा एवढासा तुकडा तोंडात टाकला की ऊस कसल्या जमिनीतला, रस किती आटवला, रंगासाठी पावडर मारली की नाही, हे सगळं तो सांगत असे. त्यानं मान हलवली की सौदा ठरे. परंतु रक्तातली साखर वाढत गेली. डाव्या पायाच्या अंगठ्याला झालेली साधी जखम काळी पडू लागली. शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या आणि स्पष्ट बजावलं की तीन आठवड्यांत साखर खाली आली नाही, तर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल.

वैद्यांना त्याच दिवशी परगावी जायचं होतं. "डॉक्टरांच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका," एवढं सांगून त्यांनी रोगी आपल्या शिष्येवर सोपवला. शिष्या हुशार होती. आतड्यांतल्या सूक्ष्म जीवांवर तिनं पुष्कळ वाचलं होतं. ती व्यापाऱ्याला म्हणाली, "काका, आपल्या पोटात कोट्यवधी जीव राहतात. त्यांतले चांगले जीव वाढले की शरीराला साखर आवरायला मदत होते. ताज्या ताकात तसे जीव जिवंत असतात. रोज सकाळी मी ताक पाठवते. तुमचं पाऊल वाचवणं माझ्याकडे लागलं."

हे शेवटचं वाक्य वैद्यानं कधीही उच्चारू नये. पण वय पंचविशीचं, आणि वाचन ताजं! व्यापाऱ्यानं मात्र त्या एका वाक्यावर सगळा भरवसा टाकला.

बाराव्या दिवशी रक्त तपासलं, तेव्हा साखर होती त्याहून वर गेली होती. तिनं विरजण बदललं, दूध बदललं, स्टीलचं भांडं सोडून मातीचं घेतलं, दही किती तास लावायचं ते घड्याळ लावून ठरवलं. दही झकास लागत होतं. साखर काही उतरेना. शेवटी ती व्यापाऱ्याच्या घरी जाऊन म्हणाली, "काका, तुम्ही चोरून गोड खाता."

व्यापारी संतापानं लाल झाला. "दीड महिना बिनसाखरेचा चहा पितोय मी. पुरणपोळीच्या पानावरून उठलोय. आणि तू मला चोर म्हणतेस?"

त्याची बायको आतून बाहेर आली. "बाई, मी भाकरी मोजून वाढते. पाय यांचा जायचाय, आणि वर खोटेपणाही यांच्याच माथी?" एवढं बोलून ती तिथेच रडू लागली. शिष्या खाली मान घालून परतली. आता हातात सहा दिवस उरले होते.

वैद्य परत आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत?"

"रोज. मी पाकिटं तपासते."

"त्यांना भेटतेस कुठे?"

"घरी. जेवणाच्या वेळी."

"आणि बाजारात?"

"बाजारात जाऊन मी काय करू, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकाचा तांब्या त्यांनी स्वतः उचलला आणि शिष्येला घेऊन ते थेट सौद्याला गेले.

ढेपांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. प्रत्येक रांगेपाशी तो गूळ पिकवणारा शेतकरी श्वास रोखून उभा. व्यापारी काठीच्या आधारानं एकेका ढेपेपाशी थांबे, कोपरा फोडी, जिभेवर ठेवी, डोळे मिटून गिळी आणि भाव बोले. वैद्य त्याच्या मागोमाग चालू लागले. व्यापाऱ्यानं जिथून तुकडा फोडला, तिथूनच तेवढाच तुकडा ते फोडत आणि हातातल्या ताकाच्या तांब्यात टाकत.

शिष्येला कळेना काय चाललंय. अकरा तास जपून लावलेलं दही, त्याचं ते ताक! "गुरुजी, औषध नासतंय," ती कुजबुजली. वैद्यांनी पुढचा तुकडा टाकला. हमाल हसू लागले. एक अडत्या खेकसला, "ओ वैद्यबुवा, फुकटचा गूळ गोळा करताय काय?" व्यापाऱ्यानं दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा मात्र तो गरजला, "भर बाजारात माझी शोभा करायला आलात का?" वैद्य चालत राहिले. चाळिसावी ढेप झाली तेव्हा कुठे ते थांबले. त्यांनी तांब्या व्यापाऱ्यापुढे धरला.

"शेटजी, आजचं ताक घ्या."

तांब्यात ताक असं उरलंच नव्हतं. तपकिरी, दाट रबडी काठापर्यंत आली होती.

"हे? हे मी पिऊ? पाय घालवायचाय का माझा?"

"प्यालात की मघाशीच," वैद्य म्हणाले. "ताक घरी, आणि हे इथे. पोट तर एकच आहे."

व्यापारी तांब्याकडे बघत पुटपुटला, "मी खाल्लं नाही हो. मी चाखलं."

"ठाऊक आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत. चाखणं हे खाणं आहे, असं तुम्हाला चाळीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही." मग ते शिष्येकडे वळले. "पोरी, तुझे जीव मेलेले नव्हते. ते राबतच होते. पण मदतीला आलेल्यावर मूळ कामापेक्षा मोठा बोजा टाकला तर तो काय करील? तू विरजण बदललंस, दूध बदललंस, भांडं बदललंस. एक सकाळ या माणसामागून चालली असतीस, तर बारा दिवस वाचले असते."

शिष्येच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिनं ती लपवली नाही. व्यापाऱ्यासमोर हात जोडून ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला चोर म्हणाले. माझं चुकलं." आणि मग घाईनं, "चाखून थुंकून टाकलंत तर?"

व्यापारी दचकला. "वर्षभर राबलेल्या माणसापुढे त्याचा गूळ थुंकू? त्यापेक्षा पाय गेलेला बरा."

पुढच्या रांगेतला शेतकरी खोळंबला होता. सारी पेठ बघत होती. व्यापाऱ्यानं ढेपेचा कोपरा फोडला आणि सवयीनं हात तोंडाकडे नेला. हात ओठांपाशी थांबला. मग त्यानं तो तुकडा बोटांत चुरडला, हुंगला, उन्हात धरला, आणि उरलेला शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"तूच चाख. आणि खरं सांग."

शेतकरी गोंधळला. खोटं बोलला असता तर भाव चढला असता. त्यानं तुकडा तोंडात टाकला, व्यापाऱ्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या पायाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मालक, जरा खारवट आलाय. पाणीच तसलं हाय आमचं."

व्यापाऱ्यानं मान हलवली. सौदा ठरला.

त्या दिवसापासून तो प्रत्येक रांगेपाशी असंच करू लागला. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर पुष्कळ उतरली होती. अंगठा गेला, पाऊल राहिलं.

निरोप ऐकून शिष्या म्हणाली, "गुरुजी, म्हणजे गुण माझ्या ताकाचा नव्हता."

"ताकाचाही असेल," वैद्य म्हणाले. "गोळ्यांचा आहे, न गिळलेल्या गुळाचा आहे. त्यात ताकाचा किती, ते तू सांगू शकणार नाहीस, मीही नाही. गुणाचा दावा न करता उद्या ताक पाठवशील का?"

शिष्या उठली आणि तिनं दूध तापवायला ठेवलं.