बाग बळकावणारा बोका

मुलांनो, एका मोठ्या शहराच्या ऐन मध्यावर, दाटीवाटीच्या वस्तीत एक बाग होती. पण ती नावालाच. आत प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या आणि सडक्या भाजीचे ढीग. हिरवे म्हणावे असे एक कडुलिंबाचे झाड तेवढे उरले होते. त्याच्या ढोलीत एक खार राहत असे. आपल्या घराभोवती झालेला उकिरडा पाहून तिच्या अंगाचा तिळपापड होई. तिने शेजारच्या बोक्याकडे मदत मागितली, तर तो कुंपणावरूनच नाक मुरडून निघून गेला.

शेवटी साळुंक्यांना घेऊन तीच कामाला लागली. साळुंक्यांनी पिशव्या चोचीने ओढून बाहेर टाकल्या. खारीने जांभळाच्या, बकुळीच्या बिया आणून मातीत पुरल्या. पावसाळे आले, गेले. रोपांची झाडे झाली, त्यांवर साळुंक्यांची घरटी झाली. आणि एका सकाळी बोका येऊन हिरवळीवर ऐसपैस पसरला. त्याच दिवशी त्याने साळुंकीचे एक पिल्लू उचलून नेले.

उरलेली पिल्ले तरी सोडा, अशी साळुंकीने त्याला विनवणी केली. बोका मिशा चाटत म्हणाला, "आता ही बाग माझी. राहायचे तर माझ्या मर्जीने राहा."

ते ऐकून खार सरसर खाली उतरली. ती बोक्यावर कडाडली, "इथे घाण होती तेव्हा तू नाक मुरडलेस. आमची नखे झिजली तेव्हा फिरकला नाहीस. आता आमचीच पिल्ले खाऊन मालक म्हणवतोस?"

बोका नुसता हसला. साळुंक्या म्हणू लागल्या की, खारूताई, जाऊ दे, आपण नमते घेऊ. तेव्हा खार त्यांच्यावरही भडकली. "त्याचे सगळे बळ दबक्या पावलांत आहे. तो हलला की ओरडा. एकटीने नाही, सगळ्यांनी."

तेव्हापासून बोका झुडपामागे दबा धरून बसला की खार किंचाळे आणि साळुंक्या कलकलाट करत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत. शिकार तर दूरच, त्याला डोळा मिटणेही कठीण झाले. उपाशी बोका एका दुपारी कुंपणाबाहेर गेला, तो गेलाच.

बाग राहिली. पिल्लू मात्र परत आले नाही, आणि खारीचा राग कधीच पुरता निवला नाही.

तात्पर्य : आपण कष्टाने उभे केलेले कोणी बळकावू लागला, तर राग गिळून गप्प बसू नये, सगळ्यांनी मिळून आवाज उठवावा.