चुळबुळ चिचुंद्रीची खुर्ची

ही बघा चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब, शेपूट लांब, पाय मात्र आखूड. नाव तिचं चुळबुळ.

चुळबुळची एक खुर्ची होती. काडेपेटीची. दिवसभर ती फिरायची, लुटुलुटु, लुटुलुटु. दमली की खुर्चीत बसायची.

एक दिवस काय झालं? शेळी आली. शेळीनं खुर्ची खाल्ली. कुरुम कुरुम, गट्ट!

"अगं, माझी खुर्ची!" चुळबुळ ओरडली.

"खुर्ची होती का ती?" शेळी म्हणाली. "मला वाटलं बिस्कीट."

आता बसायचं कुठे? जमीन गार गार. दगड टोचरा. विटेवर मुंग्या! पाय दुखले. रडू आलं. चुळबुळनं नाक पुसलं. लांब नाक, वेळ लागला. मग ती निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

गावात सगुणाकाकू होती. ती सुतारकाम करायची. कानावर पेन्सिल, केसांत भुसा.

"काकू, काकू, मला खुर्ची जोडून दे. जुन्या राजाची असते ना, तशी! दोन हात, उंच पाठ, चार पाय वाकडे वाकडे!"

काकू म्हणाली, "प्लायवूड आहे. गोंद आहे. स्क्रू आहेत. पण तुकडे कुठे आहेत? कटर मशीन प्लाय कापेल, तर मी जोडेन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"कटरदादा, कटरदादा, प्लाय काप. काकू जोडेना, मग मी बसू कुठे?"

कटर म्हणाला, "मी नाही कापणार, जा! वायर वीज देईल, तर मी कापेन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"वायरताई, वायरताई, वीज दे. कटर कापेना, काकू जोडेना, मग मी बसू कुठे?"

वायर म्हणाली, "मी नाही देणार, जा! माझ्या पिनवर मांजर झोपलीय. मनी उठेल, तर मी वीज देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"मनी, मनी, ऊठ. वायर वीज देईना, कटर कापेना, काकू जोडेना, मग मी बसू कुठे?"

मनीनं एक डोळा उघडला. "मी नाही उठणार, जा! आणि लांब उभी राहा. तुझा वास येतो."

"येतो तर येतो!" चुळबुळ म्हणाली. "पण ऊठ ना!"

"शेळी दूध देईल, तर मी उठेन."

शेळी? तीच शेळी? हो, तीच!

लुटुलुटु, लुटुलुटु.

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे. मनी उठेना, वायर वीज देईना, कटर कापेना, काकू जोडेना, मग मी बसू कुठे?"

शेळी म्हणाली, "मी नाही देणार, जा! माझं पोट रिकामं आहे."

"रिकामं? माझी अख्खी खुर्ची आहे त्यात!"

"तेवढ्यानं काय होतंय? बाभूळ शेंगा पाडेल, तर मी दूध देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"बाभूळबाई, बाभूळबाई, शेंगा पाड. शेळी दूध देईना, मनी उठेना, वायर वीज देईना, कटर कापेना, काकू जोडेना, मग मी बसू कुठे?"

बाभूळ म्हणाली, "मी नाही पाडणार, जा! मी झाड आहे. झाड कधी आपलं आपण हलतं का? वारा वाहील, तर मी शेंगा पाडेन."

वारा कुठे होता? काकूच्या अंगणात एक पाइप होता. वारा त्या पाइपात घोरत होता. घूंऽऽ घूंऽऽ!

लुटुलुटु, लुटुलुटु.

"वारोबा, वारोबा, वाहा ना. बाभूळ शेंगा पाडेना, शेळी दूध देईना, मनी उठेना, वायर वीज देईना, कटर कापेना, काकू जोडेना, मग मी बसू कुठे?"

वारा म्हणाला, "मी नाही वाहणार, जा! मला झोप आलीय." घूंऽऽ घूंऽऽ!

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नाही. चुळबुळला आला राग. लाल लाल राग!

ती गर्रकन वळली. शेपूट पाइपात घातलं. गुदु गुदु गुदु! वाऱ्याच्या नाकात गुदु गुदु गुदु!

आ… आ… आऽऽऽक्छी!

वारा सुटला, सूंऽऽ! बाभूळ हलली. शेंगा पडल्या, खुळ खुळ खुळ! शेळीनं शेंगा खाल्ल्या, कर्रम कर्रम! शेळीनं दूध दिलं, चर्र चर्र! मनी उठली. मनी दूध प्यायली, लपक लपक!

काकूनं पिन लावली, खट्ट! वायरनं वीज दिली. कटर जागा झाला.

घर्रर्र! दोन हात.

घर्रर्र! उंच पाठ.

घर्रर्र घर्रर्र! चार पाय. वाकडे वाकडे!

काकूनं गोंद लावला, चिप चिप. ड्रिल मशीन फिरलं, गिर्रर्र! स्क्रू बसले, टिच् टिच् टिच्. घासायचं मशीन फिरलं, सुर्रर्र! आणि खुर्ची झाली गुळगुळीत. वाटीएवढी खुर्ची! अगदी जुन्या राजाची, पण चिचुंद्रीच्या मापाची.

"बस बघू," काकू म्हणाली.

चुळबुळ चढली. एक पाय वर. दुसरा पाय वर. पोट अडकलं! काकूनं बोटानं ढकललं. हं, बसली! एक हात इकडे, एक हात तिकडे. पाठ टेकली.

हुश्श!

"ऊठ गं," काकू म्हणाली. "अजून पॉलिश करायचंय."

"उद्या," चुळबुळ म्हणाली. "आज मी बसलेय."

चिचुंद्री बसली खुर्चीत,
बाळ बसलं मांडीत,
गोष्ट बसली कानात!