दारातली लाट

फार जुन्या काळी, दूर देशी, समुद्राच्या काठाला कोळ्यांचं एक गाव होतं. सगळ्या गावानं मिळून तिथं एक दगडी चर्च बांधलं. भिंती उभ्या राहिल्या, घंटा टांगली, राहिली होती फक्त जमीन.

त्यासाठी ओर्सो नावाचा कारागीर आला. रंगीत दगडांचे बारीक तुकडे चुन्यात बसवून तो जमिनीवर चित्रं काढायचा. पाद्रीबाबा त्याला म्हणाले, "आपली माणसं पाण्यावर जगतात. देवाच्या घरातही त्यांच्या पायाखाली पाणीच असू दे."

गाव खूश झालं. पोरंसोरं, बायाबापड्या किनाऱ्यावरून टोपल्या भरभरून गोटे आणू लागल्या. ओर्सोनं मधोमध स्वर्गातल्या चार नद्या काढल्या, त्यांत मासे सोडले. आणि अगदी दारात, जिथं नजर आधी पडेल तिथं, एक प्रचंड वादळी लाट काढली. ती इतकी खरी वाटे, की बघणारा दचकून मागे सरके.

"अशी लाट माझ्या हातून पुन्हा होणार नाही," ओर्सो अभिमानानं सांगायचा.

चर्च उघडलं. सगळे आत गेले. बेनेडेट्टा नावाची म्हातारी मात्र उंबऱ्याशीच थबकली. तिनं पाऊल उचललं, लाट पाहिली आणि पाऊल मागे घेतलं. बाहेर पायरीवर बसूनच तिनं प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशीही तेच.

ओर्सो तिच्याजवळ जाऊन बसला. "आजी, आत का येत नाही?"

"अशाच लाटेनं माझा नवरा नेला रे बाळा. हे चित्र आहे, कळतं मला. पण पाय ऐकत नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी इथं बरी आहे."

पाद्रीबाबा म्हणाले, "होईल तिला सवय." गावकरीही म्हणाले, "एका म्हातारीसाठी एवढं देखणं काम कुणी मोडतं का?"

ओर्सोला त्या दिवशी घास गोड लागला नाही. नव्या चर्चमधल्या पहिल्या सणाला जेमतेम आठवडा उरला होता. सकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन आला, एकदा लाटेकडे डोळे भरून पाहिलं आणि ती उखडायला लागला. जीव कळवळला, पण हात थांबला नाही.

मग त्यानं बाहेर हाक मारली, "आजी, तुमच्या नवऱ्याला सुखरूप घरी आणायचं ते पाणी कसं असायचं?"

म्हातारीचा चेहरा उजळला. "आमचं लग्न झालं त्या वर्षी एकदा होडी काठोकाठ भरून आली होती. समुद्र कसा शांत! बारक्या बारक्या लाटा, उन्हात चमचमणाऱ्या. आणि हा वेडा होडीत उभा राहून गात होता! आवाज असा भसाडा, की सगळा किनारा हसून हसून लोळला."

सांगता सांगता तीही खुदकन हसली. ओर्सो दगड बसवू लागला.

"अरे, ती लाट उंच झाली. खाली घे!" म्हातारी पायरीवरून ओरडली. थोड्या वेळानं उठून उंबऱ्यावर आली. "होडी अशी असते होय? दे इकडे तो काळा दगड." मग म्हणाली, "आणि त्याचं तोंड अजून मोठं उघड. गातोय तो, जांभई नाही देत!"

"आजी," ओर्सो हळूच म्हणाला, "बघा तरी, तुम्ही कुठं बसलात!"

बेनेडेट्टानं आजूबाजूला पाहिलं. ती दाराच्या चांगली आत, निळ्या पाण्याच्या मधोमध बसली होती. मांडीवर दगडांची टोपली होती. मग तिनं नव्या लाटांवरून हळुवार हात फिरवला आणि म्हणाली, "आलेच आहे, तर काम पुरं करूनच उठते."

सणाच्या दिवशी गाव आत शिरलं. गाणारा कोळी पाहून आधी पोरं हसली, मग मोठी माणसं, मग खुद्द पाद्रीबाबा. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होती बेनेडेट्टा.

तात्पर्य एवढंच: काम कितीही देखणं असो, त्याच्यामुळे एकही माणूस दाराबाहेर राहत असेल, तर ते अजून पुरं झालेलं नाही.