नगारा गप्प करणारी माणसं

त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. वारा पूर्ण थांबला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि दगडाला हात लागला तर चटका बसावा असं ऊन होतं. अशा शांततेत आवाज लांबवर ऐकू येतो. फार फार मागची गोष्ट आहे ही. तेव्हा राजे डोंगरावर राहत आणि त्यांची रयत खाली खोऱ्यात राबे.

राजाला खोऱ्यात काही सांगायचं झालं की गडावरचा नगारा वाजे. तो ऐकून उतारावरच्या पहिल्या चौकीतला नगारा वाजे, मग त्याखालचा, मग त्याच्याही खालचा. असा हुकूम उतरत उतरत शेतात पोचायचा. एका तालावर लोक नांगर धरत, दुसऱ्या तालावर पाणी सोडत, तिसऱ्यावर विळे घेऊन कापणीला लागत.

प्रत्येक चौकीत माणसं दोन. एक वाजवणारा आणि एक घोंगडी टाकणारा. वाजवणाऱ्यानं टिपऱ्या खाली ठेवल्या की दुसऱ्यानं नगाऱ्यावर घोंगडी पसरायची आणि कातडं गप्प होईपर्यंत दाबून धरायची. त्याचं असं आहे, मोठा नगारा ठोका थांबला तरी घुमत राहतो. त्याच्या घुमण्यानं शेजारच्या चौकीतलाही नगारा आपोआप घुमायला लागतो. आणि वाजवणाऱ्याच्या अंगात एकच वळण मुरलेलं असतं, नगारा घुमला की हुकूम आला. त्याला थांब म्हणून सांगणारं कुणीतरी हवंच.

सगळ्यात खालच्या चौकीत सोनजी नावाचा गडी वाजवायला होता. घोंगडी टाकायला त्याच्या शेजारघरची ठकूमावशी. सोनजीचे दंड असे की पोरं त्यांना लोंबकळून झोके घ्यायची.

तर त्या उन्हाच्या दिवशी राजाचा नवा कारभारी चौक्या बघायला आला. त्यानं पाहिलं, सोनजी घामाघूम झालाय आणि म्हातारी मांडीवर घोंगडी घेऊन बसलीय.

"काय गं म्हातारे, तू काय करतेस इथं?"

"नगारा गप्प करते, कारभारी."

कारभारी खो खो हसला. "वाजवायचा पगार ऐकला होता. न वाजवायचाही असतो होय?"

"तुम्ही रात्री निजता ना?" ठकू म्हणाली. "मग ते काय काम असतं? तरी निजताच की."

कारभाऱ्याला हे झोंबलं. त्यानं घोंगडी हिसकावून घेतली आणि पुढच्या चौकीकडे चालू लागला. दिवस मावळायच्या आत एकाही चौकीत घोंगडी टाकणारा उरला नाही. सगळ्यांना दगड फोडायला धाडलं.

पहिले काही दिवस काय कौतुक झालं म्हणून सांगू! नगारे थांबेनात. एक घुमला की दुसरा घुमे, दुसऱ्यानं पहिला पुन्हा घुमे, आणि वाजवणारे वाजवतच राहत. खोऱ्यात लोक धावत होते. कारभारी गडावरून बोट दाखवून म्हणाला, "बघा महाराज, सगळं राज्य कसं कामाला लागलंय!"

कामाला कसलं लागलंय? खाली एक माणूस नांगर उचलत होता, ठेवत होता, परत उचलत होता. बायका पाटाचं पाणी सोडत, अडवत, पुन्हा सोडत. सगळं खोरं जागच्या जागी थरथरत होतं आणि एक काम धड होत नव्हतं. वरून पाहणाऱ्याला मात्र थरथर आणि काम यातला फरक कळत नव्हता. कळून घ्यायचाच नव्हता.

सोनजीला आता विसावा नव्हता. हुकूम नसतानाही हात उठायचे. भाकरीचा घास तोंडाशी नेला की मध्येच हात वळून टिपरीकडे जायचा. मग त्याच्या दंडाच्या कातडीखाली बारीक बारीक लहरी उठायला लागल्या, जसं आतून कुणी टिचक्या मारतंय. मांस उतरत गेलं. एके दिवशी टिपरी हातातून निसटली. उचलायला गेला, तर बोटं मिटेनात.

कारभारी आला. "का रे, अंग चोरतोस?"

"नाही हो कारभारी. मी हाताला सांगतोय, हात ऐकत नाही."

"हात ऐकत नाही म्हणे! सराव कमी पडतोय तुझा." आणि त्या माणसानं काय करावं? सोनजीच्या मनगटांना टिपऱ्या दोरीनं बांधल्या. "वाजव. जितका वाजवशील तितका जोर येईल."

जमलेले लोक हसले, हे सांगताना आजही संताप येतो. ज्या दंडांना लोंबकळून त्यांची पोरं वाढली, त्याच दंडांकडे बघून ते म्हणाले, "आळशी झाला लेकाचा. बसून खायची सवय लागली." एकानंही पुढं होऊन त्याचा हात हातात घेऊन पाहिला नाही. पाहिला असता तर कळलं असतं, तो हात आळसानं नाही, कामानं संपला होता.

सोनजीनंतर त्याच्या वरच्या चौकीतला वाजवणारा पडला. मग त्याच्या वरचा. उतारावरच्या चौक्या एकामागून एक मुक्या झाल्या.

पीक पिवळं झालं, दाणे गळायला लागले. लोक विळे घेऊन बांधावर बसून होते. ताल ऐकल्याशिवाय हलायचं नाही अशी पिढ्यांची रीत. गडावर राजा सज्जात उभा. डोळे शाबूत, बुद्धी शाबूत, हुकूमही तोंडात तयार. पण खाली एक काडी हलत नव्हती. अशी हतबलता वैऱ्यावरही येऊ नये.

राजा रागानं पाय आपटत सगळ्यात खालच्या चौकीवर उतरला. सोनजी भिंतीला टेकून बसला होता, मनगटांवर दोरीचे वळ. ठकू दगड फोडायचं काम टाकून त्याला पाणी पाजायला आली होती.

"चाबूक आणा," राजा म्हणाला. "आणि तोवर मीच वाजवतो."

त्यानं टिपऱ्या उचलल्या आणि कापणीचा ताल दिला. मग हात खाली घेतले. नगारा घुमत राहिला. त्याच्या घुमण्यानं वरच्या चौकीतला नगारा घुमला. तिथं वाजवायला कुणी उरलंच नव्हतं, तरी घुमला. त्याचा आवाज खाली आला, आणि राजाचा हात आपोआप उठला. पुन्हा ताल वाजला. पुन्हा घुमणं, पुन्हा हात.

राजा घामाघूम झाला. "हा हुकूम कुणाचा? मी तर दिला नाही!"

"कुणाचाच नाही, महाराज," भिंतीजवळून सोनजी म्हणाला. "मलाही असंच व्हायचं."

ठकूनं खांद्यावर पांघरलेलं जुन्या लुगड्याचं फडकं काढलं आणि नगाऱ्यावर टाकून दोन्ही हातांनी दाबून धरलं. आवाज बसत बसत विझला. राजाचे हात खाली आले. त्यानं टिपऱ्या खाली ठेवल्या आणि चाबकाला नको म्हटलं. चाबूक घेऊन आलेला शिपाई तसाच माघारी फिरला.

त्याच दिवशी सगळ्या चौक्यांत घोंगड्या परत गेल्या. कारभाऱ्याला गडावरून उतरवून दगडांच्या खाणीवर धाडलं. नवे वाजवणारे आले, ताल धड वाजू लागला, उरलेलं पीक घरात आलं. पण सोनजीचे हात आले नाहीत. राजानं वैद्य बोलावले, लेप लावले, स्वतः येऊन विचारपूस केली. गेलेलं काही परत आलं नाही. त्याच्यासारखे वरच्या चौक्यांतलेही तसेच राहिले.

ऐकणाऱ्यांनो, असा गड प्रत्येकाच्या डोक्यात आहे. मेंदूतून हातापायांकडे निरोप नेणाऱ्या पेशी असतात. निरोप पुढं द्यायला त्या एक रसायन सोडतात, आणि काम झालं की ते लगेच टिपून घ्यावं लागतं. काही माणसांच्या अंगात ते नीट टिपलं जात नाही. मग त्या पेशी उगाचच पेटून राहतात आणि राबून राबून मरतात, असं जाणते सांगतात. या दुखण्याची सगळी कारणं अजून त्यांनाही उमगलेली नाहीत. हात वाळतात, पाय वाळतात, जीभ जड होते. आतला माणूस मात्र बहुतेक वेळा जागेवरच असतो, सगळं ऐकत. आणि आपण त्याच्या तोंडावर म्हणतो, जरा हातपाय हलव की! लाज वाटायला हवी आपल्याला.

बोध एवढाच: राबवणाऱ्याइतकाच थांबवणाराही लागतो, आणि राबून संपलेल्या माणसाला आळशी म्हणण्यासारखं दुसरं पाप नाही.

पुढं ठकू रोज सोनजीला भरवायला जायची. एकदा दारावरून चार माणसं चालली होती, म्हणून त्यानं तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली. ठकू उठली नाही, दार लोटलं नाही, घास तसाच धरून बसली आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाजायचं त्यांनी, सोनजी, तू कशाला लाजतोस? उघड तोंड, कालवण गार होतंय."