बोटभर जास्त

एक होती उतारपेठ. पेठेत जयवंत कापडवाला राहायचा, त्याची बायको सुमित्रा राहायची, आणि वर टेकाडावरच्या मठात हिरागीर महाराज राहायचे. देवानं प्रत्येकाला एकेक गोष्ट सढळ दिली होती. जयवंताला हात, सुमित्रेला जीभ, महाराजांना गप्प बसणं.

“महाराज, माझं माप चुकलं असं कुणी म्हणेल का?” जयवंतानं विचारलं.

महाराज मेथी निवडत होते. वर न बघता म्हणाले, “कुणी म्हटलं?”

“घरच्या माणसानंच.”

झालं होतं असं. जयवंताच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची फरशी उभी चिरली. ती काढून टाकली. आता दोन भिंतींच्या मधे नवा अखंड कडप्पा बसायचा होता. चुलीची जागा हलवायची तर आधी मठातून दिवस विचारून आणायचा, ही पेठेची रीत. म्हणून जयवंत टेकाड चढून आला होता. काखेत दुकानातला कापड मोजायचा पितळी गज. गज घेतल्याशिवाय हा देवळातही जात नाही, असं लोक म्हणायचे.

आणि घाई होती. लेक कालिंदी पहिल्या बाळंतपणाला यायची होती, आणि घरात धड चूल नाही. पडवीत वाऱ्यावर कसाबसा भात शिजायचा.

सुमित्रा सकाळीच म्हणाली होती, “अहो, दगड कापायच्या आधी एकदा पुन्हा मोजा. विहीणबाई टपून बसल्यात. ‘माहेरी चूल नाही, बाळंतीण तिकडं जाऊन काय वारा खाईल?’ म्हणतील आणि ठेवून घेतील पोरीला.”

“मला मोजायला शिकवतेस? बाळाच्या दुपट्यापासून म्हाताऱ्याच्या कफनापर्यंत या पेठेला मी कापड फाडून दिलंय.”

“तेच म्हणते मी. तुम्ही फाडता. हे कापायचंय.”

जयवंतानं गज काखेत मारला. दगडवाल्याला माप कळवलं आणि तडक मठाची वाट धरली.

“आता तुम्हीच सांगा, महाराज. एवढ्या वर्षांत एक गिऱ्हाईक परत आलं नाही, कमी भरलं म्हणून!”

महाराजांनी मेथी बाजूला सारली. भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं.

“इथं फळी बसवायचीय. घे माप.”

जयवंताला बरंच वाटलं. त्यानं गज लावला, फळीवर कोळशानं रेघ ओढली. महाराजांनी करवत घेतली, फळी रेघेवर कापली आणि त्याच्या हातात दिली.

फळी कोनाड्यात जाईना.

जयवंतानं रेटली. भिंतीचा पोपडा पडला. पुन्हा रेटली…

“बोटभर जास्त झाली,” तो ओशाळून हसला. “हात तसाच पडतो माझा. वाणीपणा नाही जमत. मापाच्या वर बोटभर सोडायचंच.”

“का?”

“गिऱ्हाईक घरी जाऊन मोजतं, महाराज. कमी भरलं तर तोंड कुठं दाखवू?”

“आणि जास्त भरलं तर?”

“तर काय! शिंपी आत दुमडतो.”

महाराजांनी फळी त्याच्या हातात तशीच राहू दिली.

“दुमड.”

जयवंत मोठ्यानं हसला. “लाकूड आहे हो ते! रंधा मारला की बसेल.”

“आणि तुझ्या घरी काय बसायचंय?”

हसू तोंडातच राहिलं.

दगड… दगडाला कुठला रंधा? एकदा कापल्यावर बोटभर कड पुन्हा काढायला गेलं की अख्खा पाटच फुटतो, हे दगडवाला स्वतः बोलला होता. आणि तसा दुसरा अखंड पाट खाणीवरून येईतो लेकीचं बाळ रांगायला लागलं असतं.

“महाराज, मी… येतो.”

“ये.”

दिवस विचारायचाच राहिला. भर उन्हात जयवंत टेकाड उतरला, तो पळतच. एक वहाण वाटेत गेली. ती उचलायला थांबला नाही. पेठेतले लोक दुकानांच्या पायऱ्यांवर आले. “शेठ, कुणी मागं लागलंय का?”

दगडवाल्याच्या अंगणात कडप्पा आडवा टाकलेला. त्यावर खडूची रेघ. छिन्नी रेघेवर ठेवलेली.

आणि दगडवाला कडुलिंबाखाली भाकरी खात बसलेला.

“या शेठ. एवढा कांदा संपला की घालतो घाव.”

जयवंत तिथंच मातीत बसला. त्यानं नुसता हात हलवला… नको, नको.

मग पाण्याचा तांब्या घटाघटा प्याला, आणि असा हसायला लागला की दगडवाल्याचा घास हातातच राहिला.

घरी आला तो सुमित्रा पडवीत भात उतरवत होती. जयवंताच्या एकाच पायात वहाण, धोतर धुळीनं माखलेलं.

“अगं, चल. गजाचं दुसरं टोक धर.”

तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. काही बोलली नाही. पेठेत हेही आश्चर्यच.

ओट्यावर गज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. शेवटी जयवंताचा अंगठा सवयीनं बोटभर पुढं सरकला.

सुमित्रेनं मनगट धरलं.

“अहो, भिंतीला काय शिलाई मारायचीय?”

मग मठातून दिवस आला, आणि दगड बसला. असा बसला की गवंड्यानं नुसता तळहात फिरवला आणि विडी पेटवली. दुसऱ्याच दिवशी त्या ओट्यावर दूध उतू घातलं. कालिंदी आली, सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. विहीणबाई बाराव्या दिवशी बारशाला आल्या, ओट्याला हात लावून बघितला, आणि डिंकाचे चार लाडू खाऊन गप्प राहिल्या.

पुढं बाळाला महाराजांच्या पायांवर घालायला सगळे टेकाडावर गेले.

नमस्कार झाला. जयवंत घुटमळला.

“महाराज, एक अडलंय. हात आखडला तर माणूस चिक्कू. सोडला तर काय होतं ते बघितलंत. मग द्यायचं तरी किती?”

महाराजांनी बाळाकडे पाहिलं. ते आईच्या पदराखाली चुळबुळत होतं.

“कालिंदी, हिला दूध किती देतेस?”

“ते कोण मोजतं, महाराज? पोट भरलं की तीच तोंड फिरवते.”

“ऐकलंस, जयवंता? माप पिणाऱ्यापाशी आहे.”