म्हाळूने बुजवलेला चर

डोंगरांच्या ओंजळीत वसलेलं एक गाव होतं. गावाच्या खालच्या अंगाला दूरवर पाणथळ पसरली होती. तिच्यात माणूस बुडेल एवढी लव्हाळी माजत, पाणकणसं डुलत. पहाटे तिथून धुकं उठे, हळूहळू गावात शिरे, ओट्याओट्यांवर घटकाभर टेके आणि ऊन आलं की न बोलता निघून जाई. त्या गावात लोक वैशाखातही गोधडी पांघरून झोपत.

गावात म्हाळू नावाचा एक खणकरी होता. विहीर असो की चर, त्याच्यासारखं सरळ आणि खोल कुणाला खणता येत नसे. एके दिवशी गावकरी त्याच्याकडे आले.

"म्हाळूदादा, ही दलदल नुसती पडून आहे. तिचं पाणी नदीत काढून दिलंस तर खाली सगळी काळी माती. गाव पोटभर जेवेल."

म्हाळूला ते पटलं. एकटी ठकूमावशी तेवढी नको म्हणाली. ती लव्हाळ्यांच्या चटया विणायची.

"अरे, ते पाणी तिथं उगाच बसलेलं नाही," ती म्हणाली.

"मग काय करतं ते?"

"ते मला नीट सांगता येत नाही रे."

लोक हसले. म्हाळूने दोन हिवाळे खपून चर खणला. पाणी खळखळत नदीला गेलं. पाणपक्षी तीन दिवस वर घिरट्या घालत राहिले, चौथ्या दिवशी दिसले नाहीत. चराच्या तोंडाशी असलेला सगळ्यात कसदार तुकडा गावाने म्हाळूला बक्षीस दिला.

पाच वर्षं भात असा पिकला की म्हाळूच्या बायकोला, तुळसाला, कणग्या पुरेनात. ठकूमावशीला मात्र विणायला लव्हाळं मिळेना. ती डोंगरावर राहायला गेली.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. धुकं येईनासं झालं. शेतांची माती दर वर्षी थोडी खाली बसू लागली. उन्हाळ्यात तिला भेगा पडत आणि भेगांतून निळसर धूर निघे. ज्वाळा कुठेच दिसत नसे, माती आतल्या आत धुमसत असे. गोधड्या माळ्यावर गेल्या त्या पुन्हा उतरल्याच नाहीत. पाऊसही वाट चुकल्यासारखा वागू लागला. कधी महिनाभर फिरकायचा नाही, कधी एका दिवसात सगळा कोसळायचा. अशाच एका दिवशी डोंगराचं सारं पाणी चरातून सुसाट धावलं आणि नदीकाठच्या वाडीतली घरं आणि गुरं घेऊन गेलं.

म्हाळूने ती वाडी डोळ्यांनी पाहिली. तिथून तो घरी न जाता डोंगर चढून ठकूमावशीकडे गेला.

"मावशी, मी काय करून बसलो?"

ठकूमावशीने त्याला पाणी दिलं. "इथं बसून मी पुष्कळ विचार केला रे. लव्हाळं हवेतून श्वास घेतं, वाढतं, मरताना ते सगळं चिखलात ठेवून जातं. पाण्याच्या पांघरुणाखाली ते हजारो वर्षं शांत निजतं. आपण पांघरूण काढलं. आता ते धूर होऊन वर चाललंय आणि आभाळ तापवतंय."

"मग आता पाणी आणू कुठून?"

"आणायला कशाला हवं? ते येतंच आहे. त्याला जाऊ देऊ नकोस, एवढंच. पण चर बुजवलास तर पहिलं शेत कुणाचं बुडेल, ठाऊक आहे ना?"

म्हाळूला ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्याने तुळसाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती.

"दुसऱ्या कुणाच्या बांधाशी बुजवा की!"

"तिथं पाणी ठरणार नाही, तुळसा. अडेल ते आपल्याच शेतापाशी."

"आणि आपण खायचं काय?"

"विहिरी खणीन लोकांच्या. हात आहेत अजून."

तुळसाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. दारातून शेतावरचा निळा धूर दिसत होता. शेवटी ती म्हणाली, "पेरणीच्या आधी काय ते करा. उभं पीक बुडताना मला बघवणार नाही."

दोघांनी मिळून दगड आणले, चिकणमाती तुडवली, चर बुजवला. लोक म्हणाले, "म्हाळूचं डोकं फिरलं." पावसाळ्यात पाणी म्हाळूच्या शेतात शिरलं, आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. तुळसा बांधावर उभी राहून रडली. ठकूमावशीने डोंगरातल्या झऱ्याकाठी थोडं लव्हाळं जगवलं होतं. ते घेऊन ती खाली आली आणि चिखलात एकेक कांडी लावत गेली.

दोन वर्षं म्हाळू आणि तुळसाने अर्धपोटी काढली. तिसऱ्या वर्षी पुन्हा तसाच पाऊस कोसळला. डोंगराचं पाणी धावत आलं, लव्हाळ्यात शिरलं आणि तिथंच पसरून निवांत झालं. नदीकाठच्या वाडीत एक झोपडंसुद्धा हललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या शेतांतून धूर निघत होता, म्हाळूच्या तुकड्यातून मात्र नाही.

एक शेजारी खांद्यावर फावडं टाकून आला. "म्हाळू, माझ्या शेतातला पाट कुठं बुजवू?"

त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. खालची सगळी शेतं गावाने पाण्याला परत दिली. वरच्या शेतांत पिकेल ते सगळ्यांनी वाटून खायचं ठरलं. वर्षं गेली. लव्हाळी उंच झाली, पक्षी उतरले, आणि एका पहाटे तुळसा दार उघडते तो समोर धुकं उभं. तिने म्हाळूला हाक मारली नाही. एकटीच ओट्यावर बसली आणि हात पुढे करून ते अंगावर घेत राहिली.

तरीही उन्हाळे पूर्वीसारखे झाले नव्हते. थोडे मवाळ झाले होते, एवढंच. एक दिवस डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून माणसं आली. त्यांनीही आपली दलदल सुकवली होती.

"आमच्याकडे येऊन पाणी कसं अडवायचं ते दाखवाल का?" त्यांनी विचारलं.

म्हाळूचे केस आता पांढरे झाले होते. त्याने लव्हाळ्याच्या कांड्या टोपलीत भरल्या.

"ते खोरं आपलं नाही," तुळसा म्हणाली.

"खोरं नसेल. त्याच्यावरचं आभाळ आपलंच आहे."

तिने भाकरी फडक्यात बांधून दिली. "परत कधी याल?"

"तिथला धूर थांबला की येतो," म्हाळू म्हणाला आणि डोंगराच्या वाटेला लागला.

तात्पर्य: सृष्टीकडून घेतलेलं परत द्यायचं झालं, तर पहिला वाटा आपला द्यावा. आभाळ सगळ्यांचं एकच असतं.