श्वासगोळ्याचं बारसं

"नाव ठेवल्याशिवाय उडत नाही का हा?" फकीरबाबांनी विचारलं.

"उडतो, बाबा. पण तोफेवरची माणसं हात लावत नाहीत. बिननावाचं हत्यार उलटून आपल्यावरच येतं म्हणतात. म्हणून बनवणाऱ्याच्या गुरूनं त्याचं बारसं करायचं, बाळाच्या कानात सांगतात तसं हळूच नाव सांगायचं. आमच्या फौजेची रीतच आहे ती."

भार्गव एकेकाळी बाबांचा शिष्य. आता तांबड्या चंद्रावरच्या फौजेसाठी हत्यारं बनवायचा. त्यानं फडकं सोडलं आणि श्वासगोळा बाबांपुढं ठेवला. कलिंगडाएवढा, गुळगुळीत.

"काय करतो?"

"हवा पिऊन टाकतो. एका गोळ्यात शत्रूचं अख्खं नीलनगर गार. आणि भिंतीला साधा तडा जात नाही, बाबा! चुलीवरचं भांडंसुद्धा जागचं हलत नाही."

"आणि चुलीपुढची बाई?"

"...लढाई आहे, बाबा."

"तिच्या मांडीवरचं पोर?"

"तुम्ही पण ना! असलं बघत बसलो तर फौजेत कशाला गेलो असतो? आटपा लवकर. उद्या सकाळी डागायचाय."

बाबांनी गोळा मांडीवर घेतला. तान्ह्या बाळाच्या मानेखाली धरावा तसा त्याच्याखाली हात धरला. हळूहळू थोपटू लागले.

"तुझी बायको बाळंत झाली म्हणे."

"हो, मुलगी झाली. तिचं नावही तुम्हीच ठेवायचंय. बायको म्हणत होती, आधी लेकीचं करून घ्या. मी म्हटलं, तिला कसली घाई? पिते नि झोपते." भार्गव हसला. "बायको तर येडीच झालीय. सारखी उठते आणि पोरीच्या नाकाशी बोट धरून बघते, श्वास चालतोय ना."

बाबांचा हात थांबला.

"तू नाही बघत?"

भार्गव फडक्याची घडी घालू लागला.

"भार्गव?"

"बघतो. बायको झोपली की मी बघतो."

बाबा पुन्हा गोळा थोपटू लागले.

"बाबा, नाव सांगा. खाली तोफेवरची माणसं खोळंबलीत."

बाबांनी गोळा उचलला आणि भार्गवच्या मांडीवर ठेवला. तो दचकला. श्वास रोखून तसाच बसून राहिला.

"माझ्याकडे एकच नाव आहे, बेटा," बाबा म्हणाले. "कुणाच्या कानात सांगू?"